उत्तराबरोबर कारणालाही गुण द्यावेत

महोदय,

सहावी-सातवीच्या वर्गांना गणित शिकवताना मुलांच्या अजब तर्काचे जे नमुने रोज समोर येतात, त्यांची पालकांनी आणि विशेषतः प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी दखल घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

०.३ आणि ०.२५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले की बरीच मुले ०.२५ असे सांगतात. तीनापेक्षा पंचवीस मोठे, हा त्यांचा सरळ हिशेब. मध्यंतरी एका मुलाने मात्र ०.३ हे अचूक उत्तर दिले आणि कारण विचारताच मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "बाई, दहा भाग केले तर तुकडा मोठा येतो, शंभर केले तर बारीक. म्हणून टिंबापुढे एकच अंक असेल ती संख्या मोठी." लगेच त्याला ०.३ आणि ०.४५ दिले, तर तिथेही त्याने ०.३ लाच मोठे ठरवले! तुकडे किती घ्यायचे, हे त्याच्या हिशेबातच नव्हते. सगळ्या वर्गाबरोबर मलाही हसू आले; पण दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, हे त्याचे म्हणणे अगदी खरे होते. लेखी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला त्याला पूर्ण गुण मिळाले असते आणि त्याचे नेमके कुठे अडते आहे, हे कोणालाच कळले नसते.

वर्गाबाहेरही हाच प्रकार चालतो. व्हरांड्यात पळायचे नाही, अशी ताकीद दिल्यावर एक मुलगी लंगडी घालत निघाली आणि अडवल्यावर "मी पळत नव्हते" असे गंभीरपणे म्हणाली. यात उद्धटपणा नव्हता, असे माझे ठाम मत आहे. साधारण ११-१२ व्या वर्षापासून मूल प्रत्यक्ष वस्तूंपलीकडच्या शक्यतांचा पद्धतशीर विचार करू लागते, असे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडले होते; नियम कुठवर लागू होतो, हे ताणून पाहण्याची या वयातली हौस मला त्याच वाढीचा भाग वाटते.

म्हणून प्रत्येक चाचणीत निदान एका प्रश्नाला "असे का?" ही जोड द्यावी आणि त्या कारणाला स्वतंत्र गुण ठेवावेत. मोठ्या वर्गांत तपासणीचे काम त्यामुळे वाढेल, हे उघड आहे. तेव्हा तेवढा वेळ शाळांनी वेळापत्रकातच राखून ठेवावा.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका