लग्न नको म्हणण्याआधी

नाशिक

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "लग्न म्हणजे बाईला दाबून ठेवायची व्यवस्था. मला नि निखिलला त्यात शिरायचंच नाही, मग कोर्ट काही का म्हणेना." बाबा शेजारी होते, मला मोकळं बोलता येईना. म्हणून लिहिते आहे.

व्यवस्थेबद्दलचं तुझं म्हणणं मला पटतं. बँकेच्या काउंटरवर मी उभी नोकरी काढली. नवऱ्यानं बोट ठेवलं तिथे सही करणाऱ्या बायका पाहिल्या. पगार हिचा आणि पासबुक सासूच्या कपाटात, हेही पाहिलं. जिथे मुलीचं दान करतात, तिथे हुकूम कुणाचा चालणार? पण त्याच बायकांपैकी एखादीचा नवरा गेला, तर "तुम्ही त्यांच्या कोण?" असं तिला कुणी विचारत नसे. निखिलला विचारतील.

२०१८ साली सुप्रीम कोर्टात ठरलं, की समलिंगी म्हणून तुम्ही गुन्हेगार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला त्याच कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५मध्ये फेटाळल्या. मधे ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मी काउंटरवर कितीदा समजावलंय!

आता नीट वाच. तुझ्या फ्लॅटचे हप्ते तुम्ही दोघं भरता, कागद तुझ्या एकट्याच्या नावावर. देव न करो, पण तुला काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं तो फ्लॅट माझा. अविवाहित मुलाची पहिली वारस आई. निखिल ज्या घरात राहतो, त्यातून त्याला बाहेर काढायचा अधिकार कायदा माझ्या हाती देतो. उद्या मी नसले तर तो आणखी कुणाकडे जाईल, ज्यानं निखिलशी कधी धड दोन शब्द बोललेले नसतील. सत्ता म्हणतोस ना, ती ही. लग्नाच्या आत आहे तशी लग्नाच्या बाहेरही आहे, आणि बाहेर तिला आवर घालायला तुमच्याजवळ काहीच नाही.

आपल्या पंचवटीत २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळात गेल्यानं सगळे प्रश्न सुटतील, असं बाबासाहेबांचं म्हणणं कधीच नव्हतं. पण दार बंद ठेवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी, हे विचारलंच पाहिजे, म्हणून माणसं वर्षानुवर्षं तिथे उभी राहिली. १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, ते त्यानंतर. तुमचं दुःख आणि त्यांचं दुःख एक आहे असं मी म्हणत नाही. पण मागून, झगडून मग नाकारणं वेगळं, आणि मिळतच नाही म्हणून नको म्हणणं वेगळं. तू हक्क माग. मिळाल्यावर लग्न करू नकोस, माझं काही म्हणणं नाही. केलंस तर मात्र कुणाच्या पगारावर कुणाची मुठ नको, इतकं दोघं आधी बोलून ठेवा.

तोवर मृत्युपत्र कर. साध्या कागदावरही चालतं, सही दोन साक्षीदारांसमोर हवी. निखिल साक्षीदार नको, त्याला मिळायचं आहे. मावशी तयार आहे, मी तिला सगळं सांगितलंय. दुसरा तुझा तू बघ. दिवाळीला दोघं येणार आहातच, तेव्हा उरकून टाकू.

तुझी
आई