दुधातल्या पेशींची परीक्षा गोठ्यात व्हावी

संपादक महोदय,

‘दुधात पू असतो’ असा एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. आमच्या बचत गटातही तो आला आणि बायका मला विचारू लागल्या, कारण आमच्या चार संकरित होल्स्टीन गाईंची धार मी आणि माझ्या जाऊबाई काढतो.

दुधात असतात त्या गाईच्या स्वतःच्या पेशी, बहुतेक रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी. निरोगी कासेच्या दुधातही मिलिलिटरला लाखभर पेशी असू शकतात. आईच्या दुधातही पेशी असतातच. त्यांना पू म्हणणे चूक आहे. पण सडाच्या तोंडातून जंतू आत शिरला की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांत कासेत उतरतात आणि आकडा दहा-वीस लाखांवर जातो. दुधात त्यांची ताकदही पुरी पडत नाही, कारण जंतूंबरोबर त्या चरबीचे कण आणि केसीन हे दुधातले प्रथिनसुद्धा गिळत बसतात. दगडी, म्हणजे कासेचा हा आजार, चिवट असतो त्याचे हे एक कारण.

कास कडक झाली, दुधात गाठी आल्या, की कोणालाही कळते. खरा घात सुप्त, म्हणजे वरून न दिसणाऱ्या दगडीचा. कास मऊ, दूध पांढरेशुभ्र, गाय वैरण नीट खाते. फक्त दूध हळूहळू घटते आणि कधी जिभेला किंचित खारट लागते. संकलन केंद्रावर फॅट ३.५ आणि एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ भरले की दूध पास. आमच्या केंद्रावर पेशी कोणी बघत नाही. युरोपीय संघात मात्र गोठ्याच्या दुधाची तीन महिन्यांची सरासरी मिलिलिटरला ४ लाख पेशींच्या आत लागते.

मग केंद्रावर पेशी मोजायचे यंत्र बसवा, असे कोणीही म्हणेल. जरूर बसवा, पण तेवढ्याने भागणार नाही. हिशेब करून बघा. एका गाईच्या एका सडात २० लाख पेशी आहेत आणि बाकी तीन सडांत पन्नास-पन्नास हजार. चारही सडांचे दूध सारखे धरले तर त्या गाईची सरासरी ५ लाखांच्या थोडी वर येते. तेच दूध पन्नास-पन्नास हजार पेशींच्या तीन निरोगी गाईंच्या तेवढ्याच दुधात मिसळले की कॅनमधला आकडा पावणेदोन लाखांच्याही खाली. यंत्र म्हणणार, दूध उत्तम! आणि गोठ्यात तो सड नासत राहणार.

म्हणून परीक्षा सडागणिक व्हायला हवी आणि ती धार काढणाऱ्याच्या हातात हवी. ती अवघडही नाही. १९५७ साली कॅलिफोर्नियात निघालेली सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे दगडीची चाचणी) म्हणजे चार वाट्यांचे प्लास्टिकचे पात्र आणि एक द्रावण. पहिल्या धारा सोडून प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घ्यायचे, तेवढेच द्रावण घालून दहा सेकंद फिरवायचे. पेशी जास्त असतील तर त्या फुटून दूध चिकट, शेंबडासारखे होते. द्रावण मिळाले नाही तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवूनही काम भागते. तपासलेले दूध फेकून द्यायचे, आणि नुकत्या व्यायलेल्या गाईवर ही चाचणी करायची नाही, कारण तेव्हा पेशी एरवीही जास्त असतात.

आमच्या एका गाईचा मागचा उजवा सड असाच सापडला. डॉक्टरांनी आधी दूध प्रयोगशाळेत पाठवले, मग औषध ठरवले. गावात मात्र सर्रास अंदाजाने सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात आणि दूध वापरू नये म्हणून पाकिटावर लिहिलेले तास पुरे व्हायच्या आत दूध कॅनमध्ये ओततात. त्या प्रतिजैविकाने दहीसुद्धा लागत नाही, आणि तेच दूध लहान मुलांच्या पोटात जाते. याचा मला मनापासून राग येतो.

दूध संघांना माझी विनंती आहे. पशुखाद्याची पोती उधारीवर देता, तसे प्रत्येक उत्पादकाला चाचणीचे पात्र, द्रावण आणि धारेनंतर सड बुडवायचे आयोडीन द्या. कमी पेशींच्या दुधाला लिटरमागे चार पैसे जास्त द्या. आणि प्रशिक्षण सकाळी अकराला तालुक्याच्या सभागृहात ठेवू नका. गावात, संध्याकाळच्या धारेच्या वेळी, गोठ्यात ठेवा. तेव्हा तिथे बायका असतात.

— एक दूध उत्पादक शेतकरी महिला,
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर