ताई, ट्रॉली मागे घेताना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "नाना, लर्निंगला तीस दिवस होऊन गेले, आता ट्रॅक्टरच्या पक्क्या लायसनची तारीख घेते," आणि मी नुसतं "घे" म्हणून फोन ठेवला. राग आला असेल. पण तेव्हा केळी कापायला आलेली माणसं बांधावर उभी होती, ट्रॉलीचं एक चाक पाटात उतरलं होतं, आणि सगळे आपापल्या परीने मला शहाणपण शिकवत होते. म्हणून आज सावकाश लिहितो. धुळ्याच्या होस्टेलवर आता कुणाला पत्र येत नाही म्हणतेस, तर मैत्रिणींना हसू दे.

आधी एक कबुली. माझं लायसन 1998 चं. परीक्षेच्या दिवशी मी ट्रॅक्टर नेलाच नव्हता. एजंटाने तीन ठिकाणी सह्या घेतल्या, मी समोरच्या टपरीवर दोन कट चहा प्यायलो, आणि महिनाभराने लायसन हातात पडलं. साहेबाने माझं तोंड पाहिलं, हात पाहिलेच नाहीत. गावात तेव्हा सगळ्यांचं असंच चालायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चार वर्षांनी वाटलं.

तू तेव्हा जन्मलेलीही नव्हतीस. दिवाळीनंतरचा कापूस, ट्रॉलीला उंच पाट्या लावून ठासून भरलेला. अनेर नदीच्या पुलाकडे जो उतार आहे ना, तिथे मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरला ब्रेकच्या पायड्या दोन असतात, डाव्या चाकाची वेगळी, उजव्याची वेगळी, हे तुला माहीत आहे. नांगरताना ओळीच्या टोकाला जागच्या जागी वळता यावं म्हणून ती सोय. रस्त्यावर निघायचं तेव्हा दोन्ही पायड्या खिटीने एकमेकींना जोडायच्या. मी त्या सकाळी शेतातून थेट सडकेला लागलो होतो आणि खिटी उघडीच होती. माझा पाय पडला फक्त उजव्या पायडीवर. ट्रॅक्टरने उजवीकडे मुसंडी मारली आणि मागून ट्रॉलीने ढकललं. त्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते, आपल्या गावात कुणाच्याच नव्हते. मागच्या ओझ्याला काय माहीत पुढच्याने थांबायचं ठरवलंय! निंबाच्या झाडाला दांडा अडकला म्हणून मी आज हे लिहितोय. कापूस नाल्यात गेला. तुझी आई भाकर घेऊन मागून पायी येत होती. ती काही बोलली नाही, खाली उतरून कापूस वेचायला लागली. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

तर ट्रॅक्टरवर चढलीस की आधी खाली बघ. खिटी लागली आहे का? मग आरसा, मग न्यूट्रल. साहेबाने विचारलं नाही तरी बोलून दाखव, "ब्रेक जोडले." उताराला लागण्याआधीच गिअर खालचा टाकायचा. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं. उतारावर क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाने धरून ठेवलेली गाडी सुटली, मग ती तुझी नाही, ट्रॉलीची. आणि डिझेल वाचावं म्हणून न्यूट्रल करणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या पंगतीला बसू नकोस.

नियमात परीक्षेसाठी जी कामं लिहिली आहेत त्यात चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं आहे, आणि मागे घेणं आहे. चढाचं तू जमवशील, तुझा क्लचचा पाय माझ्यापेक्षा हलका आहे. अडशील ती मागे घेताना. ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन मागायचं, त्याच प्रकारच्या गाडीवर परीक्षा द्यायची हा कायदा. ट्रॉली जोडून या असं साहेब सांगेल न सांगेल, आपण जोडूनच नेऊ. नुसता ट्रॅक्टर मागे घेणं म्हणजे सायकल ढकलणं झालं.

ट्रॉली उलटी का वळते हे मला कुणी ट्रॅक्टरवर शिकवलं नाही. ते आबांनी बैलगाडीवर शिकवलं. बैल सोडलेली रिकामी गाडी खळ्यात उभी होती. आबा म्हणाले, धुरा हातात धर आणि गाडी मागे लोट, मागची बाजू त्या गोठ्याच्या दाराकडे ने. गोठा डावीकडे, म्हणून मी धुरा डावीकडे ओढला, आणि गाडीचं ढुंगण गेलं उजवीकडे, थेट कडब्याच्या गंजीत. आबा हसले नाहीत. म्हणाले, "चाकं मध्ये आहेत रे. पुढचं टोक इकडे गेलं की मागचं तिकडेच जाणार." बस, एवढंच आहे ते. ट्रॉलीचा दांडा म्हणजे धुरा आणि ट्रॅक्टर म्हणजे तो हातात धरणारा मी. ट्रॉलीची मागची बाजू डावीकडे न्यायची तर आधी स्टिअरिंग उजवीकडे. ती गाडी अजून खळ्यात पडून आहे. शनिवारी येशील तेव्हा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी दहा वेळा ती ढकलून बघ. लोक बघतील, बघू दे.

दुसरी गोष्ट हाताची. मागे घेताना स्टिअरिंग वरून धरू नकोस, खालून धर. ट्रॉलीची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला खालचा हात न्यायचा. मग डोक्याला उलटसुलट हिशोब करावा लागत नाही. आणि खरी गोम पुढे आहे. ट्रॉली वळायला लागली की तिथेच थांबायचं नाही, स्टिअरिंग लगेच परत फिरवून तिच्या मागे मागे जायचं. नवशिका इथेच फसतो. ट्रॉली वळते आहे याच्या आनंदात तो स्टिअरिंग तसंच धरून ठेवतो, कोपरा मोडत जातो आणि दांडा मागच्या टायरला चावतो. तसं दिसलं की मागे रेटायचंच नाही. पुढे जा, दोन्ही एका रेषेत आण, पुन्हा सुरू कर. पुढे जाण्यात काही कमीपणा नाही. मागे बघताना एका खांद्यावरून बघत राहू नकोस, दोन्हीकडून बघ. दिसेनासं झालं तर थांब, खाली उतर, चालत मागे जा. लाजेखातर खाली न उतरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांनी चिरडलेल्या ठिबकच्या नळ्याही मोजल्या आहेत.

आपली ट्रॉली दोन चाकी आहे हे नशीब. चार चाकी, पुढचा कणा म्हणजे चाकांचा आस फिरता असलेली, ती मागे घेणं म्हणजे ट्रॉलीच्या मागे आणखी एक ट्रॉली. ती अजून मलाही सरळ जात नाही. भरताना वजन कण्याच्या किंचित पुढे ठेवायचं. सगळे घड मागे लादले तर दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन चिखलात नुसती फिरतात. सगळं पुढे लादलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. पिन घातली की तिची क्लिप घाल. क्लिपच्या जागी खिळा वाकवून घालायची आपल्या गावाची पद्धत मोडायला तू एकटी पुरे आहेस.

कागदांचं थोडक्यात. ट्रॅक्टरचं रिकामं वजन 7500 किलोच्या आत असलं की कायद्याने तो हलकं मोटार वाहन. आपला तर त्याच्या पाव भागाच्या आसपास. ट्रॉली जोडली की लायसन चालत नाही असं तुझा काका छातीठोक सांगत फिरतो. 2001 सालीच सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आहे, ट्रॅक्टरचं लायसन असलेल्या माणसाने ट्रेलर जोडला म्हणून तो बिनलायसनचा ठरत नाही. काकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, कोर्टाला आपला उतार माहीत नाही. त्यात तो चुकला असंही म्हणवत नाही. पण ट्रॉलीला नंबर वेगळा, विमा वेगळा. आपला ट्रॉलीचा विमा मागच्या जूनमध्ये संपला होता, तो मी काल भरला. तू शिकायला लागलीस म्हणून तरी ते झालं.

आणि मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, मजूर ट्रॉलीत घालून न्यायचे नाहीत. हे मी सांगतोय, ज्याने वीस वर्षं हेच केलं. शिकाऊ माणसाशेजारी शिकवणाऱ्याने बसावं असं नियम म्हणतो, आणि ट्रॅक्टरला सीट एकच! मी कुठे बसायचं ते नियम लिहिणाऱ्याने बघून घ्यावं. आपण सडकेवर जायचंच नाही, सराव खळ्यात आणि मोकळ्या पडलेल्या कापसाच्या वावरात.

आजीला सांगितलं. ती ओट्यावर तूर निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मना आंडोरनी आंडेर टॅक्टर हाकी?" माझ्या पोराची पोरगी ट्रॅक्टर हाकणार, असं. मला वाटलं आता नाही म्हणेल. तिने दोन्ही कानशिलांवर बोटं मोडली आणि पुन्हा सूप उचललं. संध्याकाळी बघतो तर खळ्यातली गंज तिने गड्याकडून चार हात मागे सरकवून घेतली होती. पोरगी मागे येताना आदळेल म्हणे.

शनिवारची अमळनेरमार्गे येणारी एसटी पकड, दुपारपर्यंत पोचशील. लर्निंगचा मूळ कागद आण, झेरॉक्स नको. दोन विटा मी खळ्यात रोवून ठेवल्या आहेत, ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त अंतरावर. सँडल घालून येऊ नकोस, क्लचवर पाय सरकतो. बूट आण.

तुझे,
नाना