विषय क्रमांक ४ आणि ५: आठपटीची चूक दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ऐरोली, नवी मुंबई

महोदय,

येत्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लिफ्टजवळच्या फलकावर वाचली. चौथा विषय सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग साठवण्याच्या यंत्रणेचा, पाचवा इंटरनेट कंपनीला नोटीस पाठवण्याचा. हे दोन्ही ठराव आहेत तसे मंजूर करू नयेत, ही कळकळीची विनंती. दोन्हींत बिट आणि बाइट या डेटा मोजण्याच्या दोन एककांची सरमिसळ झाली आहे. आठ बिट मिळून एक बाइट होतो, त्यामुळे फरक थोडाथोडका पडलेला नाही.

कोटेशनमध्ये १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे रेकॉर्डिंग राहावे म्हणून ८५ टीबीचे (एक टीबी म्हणजे हजार जीबी) स्टोरेज धरले आहे. मला आकडा पटेना, म्हणून रविवारी सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये बसून डीव्हीआरचे (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचे) सेटिंग उघडले. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठणारा डेटा, २०४८ केबीपीएस असा आहे. हे किलोबिट आहेत. आठने भागले की सेकंदाला २५६ किलोबाइट. सोळा कॅमेऱ्यांचे मिळून ४०९६, म्हणजे सेकंदाला चार एमबीच्या किंचित वर. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दिवसाला सुमारे ३५४ जीबी आणि ३० दिवसांना १०.६ टीबी होतात. चार टीबीच्या तीन डिस्क पुरतात! १०.६ ला आठने गुणून पाहा, जवळजवळ ८५ येतात. कोटेशन करणाऱ्याचे आठने भागायचेच राहून गेले आहे. त्याने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, पण पैसा सगळ्या सभासदांचा आहे. (डिस्क बसवल्यावर चार टीबीच्या जागी ३.६३ दिसले तर घाबरू नये. कंपनी हजाराने मोजते, काही यंत्रे १०२४ ने मोजतात.)

आता नोटीस. मसुद्यात लिहिले आहे की १०० एमबीपीएसचे पैसे घेता आणि १२ एमबीपीएस देता. इंग्रजीत बिटसाठी स्मॉल बी आणि बाइटसाठी कॅपिटल बी लिहितात. देवनागरीत अक्षर लहान-मोठे नसते, म्हणून आपल्या मसुद्यात दोन्ही एकच होऊन बसले. १०० मेगाबिटला आठने भागले की साडेबारा मेगाबाइट. डेटा छोट्या पाकिटांत विभागून येतो आणि थोडा वाटा त्यांवरच्या पत्त्यांसारख्या माहितीत जातो, म्हणून डाउनलोड करताना ११-१२ दिसतात. त्याच लाइनवर स्पीड टेस्ट ९४ दाखवते. दोन्ही आकडे खरे आहेत. ही नोटीस गेली तर कंपनी एका ओळीत उत्तर देईल आणि आपण तोंडघशी पडू.

तसे झाले तर आमच्या बी विंगची खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही, ही माझी मोठी काळजी आहे. आमच्याकडे काही घरांनी २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला आहे. शेजारच्या काकूंकडे लॅपटॉप थेट वायरीला जोडून मी तीन वेळा वेग मोजला. दुपारी ९४, रात्री ९४, पहाटे पाचलाही ९४. गर्दीमुळे वेग पडत असता तर आकडा वरखाली झाला असता. इतका ठाम ९४ म्हणजे वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचीच मर्यादा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये टॉर्च मारून पाहिले. कंपनीने बसवलेल्या स्विचवर (इंटरनेट घराघरांत वाटून देणाऱ्या डब्यावर) १०/१०० असेच छापले आहे, म्हणजे जास्तीत जास्त १०० मेगाबिट. त्यातून २०० जाणे शक्यच नाही. काकू वर्षभर मोठ्या प्लॅनचे पैसे भरत आहेत आणि निम्माही वेग त्यांना मिळालेला नाही. मला याचे फार वाईट वाटते.

म्हणून आधीचा मसुदा रद्द करून कंपनीला फक्त एवढेच लिहावे: बी विंगच्या डक्टमधला स्विच गिगाबिटचा (१००० मेगाबिटचा) बसवून द्या आणि २०० मेगाबिटचा वेग वायरीवर मोजून दाखवा. सीसीटीव्हीचे कोटेशन परत पाठवून नव्याने मागवावे, आणि त्यात ‘एमबी’ असे न लिहिता मेगाबिट की मेगाबाइट हे अक्षरी लिहून घ्यावे.

डीव्हीआरच्या सेटिंगचा आणि स्विचचा फोटो, तसेच हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. समितीला वेळ असेल त्या संध्याकाळी मी ऑफिसात येऊन सगळा हिशेब समोर मांडून दाखवीन.

आपला नम्र,
सभासद, बी विंग, चौथा मजला