'मान्यता नसलेल्या' स्पर्धेची बंदी

महोदय,

'मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही' अशा हमीपत्रावर खेळाडू मुकाट सही करतात. कुस्ती असो वा कबड्डी, हा संघटनेचा घरचा मामला आहे, असा सांगलीतही समज आहे. तो खरा नाही. प्रवेश शुल्क, प्रायोजकत्व, प्रक्षेपण हक्क यांतून पैसा घेणारी संघटना 'सेवाभावी' म्हणून स्पर्धा कायदा, २००२ (बाजारातील स्पर्धेचा कायदा) मधून सुटत नाही. अशाच अटींवरून, हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला ६.९२ लाखांचा दंड ठोठावला.

मात्र मान्यतेचा नियम असणे हाच गुन्हा नव्हे. हॉकी इंडियाच्या २०१३ च्या प्रकरणात आयोगाने तसा नियम चालवून घेतला. पाहायचे ते एवढेच, की मान्यतेचे निकष लेखी आहेत का, नकाराची कारणे देतात का आणि बंदी प्रमाणात आहे का.

आयोगाकडे तक्रार याच कायद्याच्या कलम ४ (वर्चस्वाचा गैरवापर) खाली, तीन वर्षांच्या आत. हमीपत्राची प्रत आणि बंदीचे पत्र जपून ठेवावे. तोंडी धमकी सिद्ध करताना दमछाक होते. संघनिवडीचे वैयक्तिक वाद आयोगाकडे नेऊ नयेत, आणि स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर थेट उच्च न्यायालयच गाठावे.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली