वाट मातीचीच बरी

नदीकाठच्या पाणथळ वाटांवरून रमतगमत सायकल चालवण्याविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातला आनंद मान्य. पण ही वाट काँक्रीटची करावी, ही सूचना पटली नाही. पाणथळ जमीन पुराचे पाणी साठवून सावकाश सोडते. भराव घालून उंचावलेला पक्का रस्ता नदी आणि पाणथळीतला हा व्यवहारच तोडतो. शिवाय टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालतात; वेगात जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढणार, मागोमाग मोटारसायकलीही येणार (त्यांना कोण अडवणार?). पाणी साचते तेवढ्यापुरता खांबांवरचा लाकडी साकव पुरे. आणि विणीच्या काळात वाट बंद राहिली, तर आम्हा सायकलस्वारांनी कुरकुर करू नये.

– एक सायकलस्वार वाचक