आधी डोळे मोज, मग गॉगल

प्रिय भाचेराव,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र डोळ्यांसमोर दाखवणाऱ्या सहा गॉगलांची यादी, प्रत्येकापुढे रिझोल्यूशन, आणि खाली एकच ओळ : "मामा, यातला कुठला घेऊ?" फोनवर सांगितलं असतं तर तू सोयीचं तेवढंच ऐकलं असतंस, म्हणून पत्र लिहायला बसलो. ताईलाही वाचायला दे, पैसे शेवटी तिच्याकडूनच सुटायचेत.

तुझ्या यादीत तीन ॲनालॉग आहेत (जुन्या टीव्हीसारखं चित्र), दोन डीजेआय कंपनीचे आणि एक वॉकस्नेलचा, हे तिन्ही डिजिटल. अरे, या वेगवेगळ्या जाती आहेत, एकाच्या गॉगलमध्ये दुसऱ्याच्या ड्रोनचं चित्र येत नाही. डीजेआयच्या घरातसुद्धा सगळे एकमेकांशी बोलत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या एन३ गॉगलमध्ये ओ४ एअर युनिटचं (म्हणजे ड्रोनवरून चित्र पाठवणाऱ्या डीजेआयच्या संचाचं) चित्र दिसतं, २०१९ च्या पहिल्या एअर युनिटचं दिसत नाही. म्हणजे गॉगल घेतलास की पुढे कोणते ड्रोन उडवायचे हेही त्याच दिवशी ठरून जातं. रिझोल्यूशन नंतर बघू, आधी जात ठरव.

माझं मत ॲनालॉगला. चित्र डिजिटलच्या पासंगालाही पुरणार नाही, हे कबूल. पण ड्रोनवरून चित्र पाठवणारा, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारा कुठल्याही कंपनीचा ट्रान्समिटर कुठल्याही कंपनीच्या गॉगलला चालतो. नेहमीचे ४० चॅनेल दोन्हीकडे असले की झालं. शिवाय तू सुरुवात करणार ६५ मिमीच्या टायनी व्हूपवर, म्हणजे घरात उडवायच्या चिमुकल्या ड्रोनवर, आणि तो पहिल्याच आठवड्यात कपाटावर, पडद्यावर आणि ताईच्या डोक्यावर आपटणार. त्यातला कॅमेरा फुटला तर रडू येऊ नये इतका स्वस्त असलेला बरा.

आता सडपातळ (प्रत्येक डोळ्यासमोर वेगळी छोटी स्क्रीन आणि भिंग) की डबा? तुझ्या यादीतले दोन सडपातळ गॉगल दिसायला झकास आहेत, मला ठाऊक आहे. माझा पहिला तसलाच होता. रिझोल्यूशन पाहून घेतला, आणि त्याच रकान्याच्या खाली लिहिलेला २८ अंशांचा आकडा वाचलाच नाही. तो दृष्टिकोनाचा आकडा, म्हणजे चित्र तुझ्या नजरेचा किती भाग व्यापतं ते. २८ म्हणजे नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून रंगमंच पाहण्यासारखं. कडेचं झाड इतकं बारीक दिसतं की लक्षात येईपर्यंत आपण त्यात शिरलेलो असतो. त्याहून वाईट म्हणजे दोन डोळ्यांच्या दोन भिंगांमधलं अंतर त्यात कायमचं ठरलेलं होतं आणि माझे डोळे त्यापेक्षा जवळ. एका चित्राची दोन व्हायची. तीन वेळा उडवला, तीनही वेळा डोकं धरून बसलो. चष्मा आत मावत नव्हता तो वेगळाच.

तुलाही चष्मा आहे, म्हणून तुझ्यासाठी डबाच. त्यात एकच मोठी स्क्रीन आणि समोर एक मोठं भिंग असतं, त्यामुळे दोन बाहुल्यांमधल्या अंतराचा प्रश्न फारसा येत नाही, आणि बऱ्याच डब्यांत चष्म्यासकट डोळे मावतात. तोंडाला टोस्टर बांधल्यासारखं दिसतं खरं, पण आत गेल्यावर आपण कसे दिसतो हे बघायला कोण असतं? ईशाइन ईव्ही८००डी हा या वर्गातला जुना, साधा गडी. ५ इंची स्क्रीन, ८००×४८०, चित्राचा सिग्नल पकडणारे दोन रिसीव्हर, रेकॉर्डिंग आणि आतच बॅटरी. जवळून पाहिलंस तर ठिपके मोजता येतील, उडवताना मात्र त्यांच्याकडे लक्ष जात नाही. जरा जास्त पैसे असतील तर स्कायझोन कोब्रा एक्स. १२८०×७२०, दृष्टिकोन ५० अंश, आणि तोही डबाच. तुझ्या यादीत हे दोन्ही नाहीत, ते घाल आणि सडपातळ दोन्ही खोड.

एक गोष्ट जाहिरातीत कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे निळा पडदा. ॲनालॉगचं चित्र जाता जाता मुंग्या दाखवतं. आधी थोड्या, मग दाट, मग त्यांच्या आडून जेमतेम क्षितिज. त्या मुंग्यांमुळेच तर कळतं की आता मागे फिरायला हवं. पण काही गॉगलांना हे अशोभनीय वाटतं. सिग्नल जरा खाली गेला की ते मुंग्या लपवून सगळी स्क्रीन निळी करतात. माझा पहिला डबा असाच निघाला. मी झाडांच्या रांगेमागून वळत होतो, चित्र खराब पण पुरेसं होतं, आणि एकदम निळं. सेकंदभरच. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने सेकंदभरात ड्रोन जवळजवळ १७ मीटर जातो. चित्र परत आलं तेव्हा कॅमेऱ्यासमोर फक्त पानं होती. रेकॉर्डिंग काढून पाहिलं, तर त्यातही तो एक सेकंद निळाच.

म्हणून घेण्याआधी ड्रोन बंद ठेवून गॉगल चालू करून बघ. मुंग्या दिसल्या तर उत्तम. निळं दिसलं तर मेनूत ते बंद करता येतं का ते विचार, आणि नाही म्हणाले तर गॉगल खाली ठेव.

दोन अँटेना दिसले म्हणजे दोन रिसीव्हर असतीलच असं नाही, तेही विचार. दोन असतील तर एक सगळीकडून ऐकणारा छत्रीसारखा लाव आणि दुसरा पुढे रोखून ऐकणारा चपटा पॅच. ड्रोनचा अँटेना उजव्या वळणाचा (लहरी उजवीकडे फिरवत सोडणारा) असेल तर गॉगलचेही दोन्ही उजवेच हवेत. डावा-उजवा जुळला नाही तर चित्र घराबाहेर पडायच्या आधीच मरतं. आणि अँटेना जोडायचा पेच एसएमए जातीचा की आरपी-एसएमए जातीचा ते टॉर्च मारून पाहून घे. दोघांचे आटे एकमेकांत छान बसतात, अँटेना घट्टही होतो. पण एकाच्या मध्यभागी टाचणी असायला हवी तिथे दोन्हीकडे भोकच असलं, तर आत काहीच टेकलेलं नसतं. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

सूर्याचंही सांगून ठेवतो, कारण यात चूक सर्वस्वी माझी होती. दुपारी गॉगल टेबलावर उताणा ठेवून मी प्रोपेलर बदलत बसलो. भिंग ते भिंगच, ऊन गोळा करून थेट स्क्रीनवर टाकतं. दहाएक मिनिटांनी उचलला तर आत तपकिरी रेघ, टोकाला जराशी वाकलेली, सूर्य सरकला तशी सरकलेली. ती आजही प्रत्येक उड्डाणात आकाशात दिसते. गॉगल काढलास की पालथा ठेव किंवा झाकण लाव.

रेकॉर्डिंग हवंच. पडलेला ड्रोन शोधताना शेवटची पाच सेकंदं पाहिली की कुठल्या झुडपात हात घालायचा ते कळतं. एचडीएमआयचं भोक असेल तर सिम्युलेटरही त्याच गॉगलमधून खेळता येईल, पण नसलं तर अडत नाही. सिम्युलेटर संगणकाच्या स्क्रीनवरही चालतो, आणि गॉगल येईपर्यंत तू तेवढंच करायचंयस.

ताई, हे तुझ्यासाठी. गॉगल घातलेल्याला फक्त ड्रोनचं जग दिसतं. मागून येणारी सायकल, वर घिरट्या घालणारी घार, यातलं काही दिसत नाही. बाहेर उडवताना शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघणारं कुणीतरी हवं, आणि बऱ्याच देशांच्या नियमांतही तसंच आहे. भाऊजींना उभं कर, तेवढीच त्यांना मोकळी हवा.

तर भाचेराव, तू हट्टाने सडपातळच घेणार असशील (मला शंका आहेच), तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून कळव. मोठ्यांत सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, तुझं कमी निघेल. आरशासमोर स्वतः मोजू नकोस, तू हवा तो आकडा काढशील. ताईला पट्टी धरायला सांग, आणि त्या वेळी लांब भिंतीकडे बघ.

तुझा,
मामा